लुचईच्या चिठ्ठ्या

दिवाळी सरली की चंद्रपूरजवळच्या मूलहून आमच्याकडे नव्या तांदळाचं पोतं येतं. पूर्वी ते एसटीच्या टपावरून यायचं, आता कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून येतं. माझ्या पहिल्या नोकरीच्या गावचे सखारामभाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा नातू आठवणीनं पाठवतो. पोत्याचं तोंड उसवलं की मी आधी त्यात नाक घालतो. नव्या तांदळाला एक कच्चा, दुधाळ वास असतो, त्यात थोडा पेंढ्याचा वास मिसळलेला. तो महिनाभरात उडून जातो, म्हणून पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो.

वास घेऊन झाला की मी कागदाची पट्टी कापतो, तिच्यावर तांदळाची जात, गाव आणि महिना लिहितो आणि ती डब्याला चिकटवतो. ही माझी जुनी खोड. आमच्या घरात मिठाच्या डब्यावर मीठ आणि साखरेच्या डब्यावर साखर लिहिलेलं असतं. लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी बायको अजून विचारते, "लिहिलं नसतं तर मीठ गोड झालं असतं का?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका हंगामात फार महागात कळलं होतं.

यंदा पट्टी चिकटवत होतो तेव्हा मुक्ता, माझी नात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून वैतागून बसली होती. ती प्रोग्राम लिहिते. काय अडलंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजोबा, कॉम्प्युटरच्या पोटात सगळं सारखंच दिसतं. आकडेच आकडे. हा आकडा कुणाचं वय आहे, पिनकोड आहे, की नावातलं एखादं अक्षर आहे, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीबरोबर तिचा टाइप सांगून ठेवतात. माझा प्रोग्राम लोकांचे प्रोग्राम वाचतो, त्यातल्या कुठल्या गोष्टीचा कुठला टाइप ते शोधून काढतो आणि नीट मांडून ठेवतो."

"मग अडलं कुठं?"

"काही ठिकाणी टाइप लिहिलेलाच नाही. आधी होता, मध्येच कुठंतरी गळलाय."

"मग काय करतेस?"

"मग ती गोष्ट वागते कशी ते बघायचं. तिची बेरीज करतायत का, तिला नुसतं छापतायत का. वागण्यावरून ओळखायचं. पण त्याला वेळ लागतो, आणि तोपर्यंत चूक व्हायची ती होऊन जाते."

हातातली डिंकाची बाटली मी खाली ठेवली. जेमतेम पंचविशीतली ही पोर मला माझ्याच आयुष्यातली गोष्ट सांगत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मग मी तिला त्या महागात पडलेल्या हंगामाची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. चांदा जिल्ह्यात, मूलपासून बैलगाडीच्या वाटेनं अर्ध्या दिवसावर असलेल्या एका गावी मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो. गावाच्या एका अंगाला मोठा तलाव होता, पलीकडे सागाचं जंगल. मी वऱ्हाडातला, कपाशीत वाढलेला. धान मी ताटात भात होऊन आल्यावरच पाहिलेलं. पण कृषी-वर्गाचं प्रमाणपत्र खिशात होतं आणि नव्या देशाचं आपल्यावाचून अडलंय अशी माझी पक्की समजूत होती. त्या वयात ती बहुतेकांची असते.

तिथं शेताला बांधी म्हणतात. तलावाखालच्या बांध्यांना पाट काढून शेवटपर्यंत पाणी मिळे. तिथं उशिरा पिकणारं, भारी धान. वरच्या बांध्यांची सगळी भिस्त पावसावर, म्हणून तिथं लवकर पिकून मोकळं होणारं, हलकं धान. वरच्या बांधीत भारी धान पडलं तर पाऊस जातो, माती भेगाळते आणि दाणा भरायच्या आतच लोंबी वाळून जाते. सगळं गाव या एका गोष्टीवर जगत होतं.

बियाणं घरोघरी ढोलीत असे. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली उंच कणगी. तिच्या तोंडाशी त्याच धानाच्या लोंब्यांची एक जुडी लटकत असे. हलकं धान असेल तर ती जुडी पळसाच्या मुळीच्या दोरीनं बांधत, कारण पळस वरच्या बांधांवर उगवतो. भारी असेल तर तलावाच्या काठच्या लव्हाळ्यानं. ढोलीत काय आहे आणि ते कुठं पेरायचं, हे दोन्ही त्या जुडीत असे, आणि अंधाऱ्या खोलीत नुसत्या हातालाही ते कळे. हे सगळं आज मी शहाण्यासारखं सांगतोय. तेव्हा मला तो जुनाट पसारा वाटला होता.

त्यात फाल्गुनात एका कामासाठी आलापल्लीला जाणं झालं. तिथं जंगल खात्याच्या डेपोत सागाची लाकडं रचून ठेवलेली पाहिली. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर घणानं उठवलेला शिक्का आणि आकडा. हे झाड कुठल्या कापणीतलं, कितव्या नंबरचं, सगळं त्या लाकडाच्याच अंगावर. उन्हात त्या ओंडक्यांना सागाचा तो उग्र, तेलकट वास येत होता आणि मी रांगेरांगेतून आकडे वाचत फिरत होतो. मला ते इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर माझं सगळं ठरून गेलं.

गावात चावडीशेजारी एक कोरी खोली होती. तिथं मी सगळ्यांचं बियाणं एकत्र आणायला लावलं. उंदरांपासून सांभाळू, औषध लावू, असं सांगितलं. सरकारातून नवी, एकसारखी पोती आणली. प्रत्येक पोत्याला बाभळीच्या काट्यानं एक चिठ्ठी टोचली. तिच्यावर निळ्या शाईत नाव, बांधी आणि धानाची जात. माझं अक्षर तेव्हा फार वळणदार होतं. लोंब्यांच्या जुड्या मी सोडवल्या आणि चावडीच्या वळचणीला चिमण्यांसाठी टांगून दिल्या. चिमण्यांनी दोन दिवसांत त्यांचा फडशा पाडला. मला त्याचंसुद्धा कौतुक वाटलं होतं.

अक्षय तृतीयेच्या आधी मी पाच दिवस मूलला मीटिंगला गेलो. परत आलो तो खोली अशी लख्ख सारवलेली, उंबऱ्यावर रांगोळी, कोनाड्यात दिवा. पोती या भिंतीची त्या भिंतीला लागलेली. आणि एकाही पोत्याला चिठ्ठी नाही.

यशोदाबाई दाराशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक बाई. घर ढिवराचं, नवरा तलावात जाळं टाकायचा, आणि वर जंगलाच्या कडेला यांची एकच बांधी. बायकांना गोळा करून खोली सारवून घेतली होती ती यांनीच. त्यांनी मोठ्या अभिमानानं मला कोनाड्याकडे नेलं. तिथं गावदेवाच्या तसबिरीपुढे माझ्या सगळ्या चिठ्ठ्या एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. वर हळदीकुंकू, वर एक मोगऱ्याचं फूल.

"तुमच्या चिठ्ठ्या लय जपून ठेवलो, भाऊ. एक बी फाटली नाई."

"पण काढल्या कशाला?" मी विचारलं.

"अक्षरं हायेत ना त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "सारवताना कोणाचा पाय लागला असता तं? विद्येले पाय लावाचा का?"

चिठ्ठ्या सगळ्या होत्या, पोती सगळी होती. कुठली चिठ्ठी कुठल्या पोत्याची, एवढंच जगातून नाहीसं झालं होतं. सारवणाचा ओला, थंड वास येत होता. तो वास आजही कुठं आला की मला ती खोली दिसते.

सखारामभाऊ गावातले जाणते. त्यांच्या तलावाखाली चार बांध्या होत्या. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "चिठ्ठी गेली तं गेली. धान कुठी गेलं? धानालेच पुसा ना."

मग दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्या खोलीत लोटलं. माणसं पोत्यात हात घालत, मूठभर दाणे काढून उन्हात धरत, एखादा दाणा दाताखाली फोडत. "हे माहं. टरफलाले कुसळ पाहा." "हे आमचं. वास येऊन राह्यला ना." म्हातारे डोळे मिटून नुसते बोटांनी दाणे चाळत आणि नाव सांगत. मी वही घेऊन मागून फिरत होतो आणि ते सांगतील ते लिहून घेत होतो. घरोघरी इतकी धानं होती, आणि माणसं त्यांना घरच्या गुरांसारखी ओळखत होती. तेवढ्या संकटातही मला ती सकाळ आवडली होती, हे कबूल करतो.

दुपारपर्यंत सगळी पोती लागली. राहिली फक्त सात, आणि ती लुचईची. लुचई ही धानाची जात हलकीही असते आणि भारीही. दाणा तोच, रंग तोच, वास तोच. सखारामभाऊंनी सातही पोती चाखली आणि मान हलवली. "भात बी सारखाच लागते याचा," म्हणाले. या सातांत चार घरांची हलकी होती, तीन घरांची भारी. यशोदाबाईंची हलकी. त्या दुपारी गावातलं कुणी जेवायला घरी गेलं नाही.

"उगवू द्या त्याईले," यशोदाबाई म्हणाल्या. "मंग मी सांगतीन."

त्यांनी अंगणात सात फुटकी मडकी मांडली. प्रत्येकात तलावाचा गाळ आणि एकेका पोत्यातली मूठभर लुचई. मडक्यांना मी सवयीनं चिठ्ठ्या लावायला निघालो, तर त्यांनी नको म्हटलं. ज्या पोत्यातलं मडकं त्या पोत्याच्या तोंडाला आणि मडक्याच्या काठाला एकाच लुगड्याच्या चिंधीचे दोन तुकडे बांधले. सात रंगांची सात लुगडी त्यासाठी फाटली. रोज सकाळी मी मडकी बघायला जायचो. त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या जाळ्याचा वास, मोहफुलांचा गोडसर उग्र वास, आणि त्या मडक्यांतली कोवळी, टोकदार हिरवी पाती. आठव्या दिवशी त्यांनी एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. बुडाशी नखाएवढी जांभळी रेघ होती.

"हे भारी. हलक्याचं बूड हिरवंच रायते. ही रेघ पंधरा रोज दिसते, मंग मिटून जाते. मोठे झाले की सारेच सारखे दिसतेत."

तीन मडकी हिरवी निघाली, तीन जांभळी. सातव्यात दोन्ही होती, निम्मी निम्मी. पोती हलवताना दोन फुटली होती, आणि सांडलेलं धान झाडून एकाच पोत्यात भरलं गेलं होतं. फुटलेलं दुसरं पोतं भारीचं असावं, कारण भारीतलं एक निम्मं रितं भरलं; ते सखारामभाऊंनी आपलं म्हणून घेतलं. त्यांना त्याची फिकीर नव्हती. हलकीची घरं मात्र चार होती आणि पोती तीनच. मिसळलेलं पोतं कुणाचं हे सांगणारं जगात काही उरलं नव्हतं.

यशोदाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या सातव्या पोत्यावर हात ठेवला.

"हे माहं."

"कशावरून, बाई?" सखारामभाऊंनी विचारलं.

"मीच झाडली ना ते. मंग माहंच."

मी तिथंच उभा होतो. वही हातात होती, टोपण उघडलेलं होतं. चूक कुणाची होती हे त्या गर्दीत एकट्या मलाच ठाऊक होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या बियाण्यावर मी वाचायच्या खुणा लावल्या होत्या, आणि त्यांच्या हाताला कळणाऱ्या खुणा चिमण्यांना घातल्या होत्या. मी वहीत यशोदाबाईंच्या नावापुढे ते सातवं पोतं लिहिलं. बाकीच्या तिघांनी आपल्या हलकीतून पायली पायली धान यशोदाबाईंच्या पदरात घातलं. त्यानं बांधीचा एक कोपरा झाला असता, जास्त नाही. त्यांचंही जेमतेमच होतं. चिठ्ठ्या निकामी झाल्या होत्या, तरी बायकांना त्या जाळवेनात. मी नावं पुकारून ज्याची त्याला वाटून दिली. त्या रात्री अहवाल लिहिला आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'स्त्रियांच्या अज्ञानामुळे चिठ्ठ्या निघाल्या.' वळणदार अक्षरात.

त्या पावसाळ्यातलं मला फारसं आठवत नाही. गुडघाभर चिखल, रोवणीची बायकांची गाणी, छपरावरून दिवसरात्र गळणारं पाणी, एवढं आठवतं. आठवते ती यशोदाबाईंची वरची बांधी; रोवणीसाठी रोपं उपटेपर्यंत त्यांच्या बुडाची जांभळी रेघ मिटून गेली होती. कुठूनही कुठंही जायचं असलं तरी माझी वाट तिथूनच जायची. सगळं हिरवं, सारख्या उंचीचं, वाऱ्यावर एकदम वाकणारं. इतकं सुंदर पीक शेजारीपाजारी नव्हतं. मला वाटे, कदाचित काहीच होणार नाही.

आश्विनात पाऊस थांबला आणि बांधीनं खरं सांगितलं. अर्धी रोपं पिवळी होऊन झुकली. अर्धी ताठ, हिरवी, पोटात लोंबी धरून उभी. एका चुडात, म्हणजे एकत्र रोवलेल्या रोपांच्या झुबक्यात, एक पिकलेलं, एक कोवळं. खाली माती भेगाळायला लागली होती. यशोदाबाई बांधावर बसून बघत होत्या. वर्षाचं अन्न होतं त्यांचं. मी जवळ जाऊन बसलो आणि अखेर बोललो.

"यशोदाबाई, चूक माझी होती."

"तुमची काऊन? पोती हलवाले तुमी कुठी होते?"

"चिठ्ठ्या लावल्या त्या मीच."

"चिठ्ठ्या लावल्या ते बरंच केलं," त्या शांतपणे म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पण भाऊ, लोंब्या काऊन सोडल्या? त्या काय खात होत्या तुमचं?"

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. त्यांनी पदराच्या गाठीतून सुपारीचं खांड काढून मला दिलं.

तलावाचं पाणी वर चढत नाही. ते चढवायला दोघांनी दोरीनं टोपलं झुलवत, पायरीपायरीनं एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात पाणी फेकावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेलो तर ज्या बायकांनी खोली सारवली होती त्या सगळ्या तिथं हजर होत्या. सखारामभाऊ उतारावर खड्डे खणत होते. आठ दिवस आम्ही पाणी फेकलं. माझ्या तळव्यांची सालं निघाली. बायका हसून म्हणत, "साहेबाचे हात तं शाईचेच." त्या आठ दिवसांत मला त्या गावात कुणी परकं मानलं नाही. आयुष्यात पुढं पुष्कळ मान मिळाला, पण इतकं आपलेपण क्वचितच वाट्याला आलं.

त्या बांधीची कापणी दोनदा झाली. यशोदाबाई विळा घेऊन एकेक पिकली लोंबी वेचून कापत आणि हिरवीला धक्का लागू देत नसत. पंधरा-वीस दिवसांनी उरलेलं. वागण्यावरून ओळखायचं, असं मुक्ता म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्यांची ती वाकलेली पाठ आली. भारीतलं बरंच पोल, म्हणजे आत दाणा नसलेलं, निघालं, तरी बरंच भरलंही. होळीपर्यंत चूल पेटेल एवढं झालं. पुढचं मासळीवर आणि मजुरीवर निभणार होतं. बियाणं मात्र त्यांनी आधी काढलं, वेगवेगळं, दोन ढोल्यांत.

त्याच दिवाळीत राज्यांची फेररचना झाली आणि आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. कचेरीवरच्या पाट्या बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले. तलाव, जंगल आणि माणसं होती तिथंच होती. मी नव्या शिक्क्याच्या पहिल्याच कागदावर वर कळवलं की मागच्या अहवालातलं कारण चुकीचं होतं, दोष ग्रामसेवकाचा होता. महिन्याभरात दोन ओळींचा ठपका आला आणि त्याच्याबरोबर बदलीचा हुकूम.

"मग त्या बाईंना काय सांगितलंत निघताना?" मुक्तानं विचारलं. लॅपटॉप तिनं केव्हाच मिटला होता.

मी त्यांच्या घरी निरोप घ्यायला गेलो होतो. त्यांनी सुकटीची पुडी दिली, आणि हलक्या लुचईची एक जुडी, पळसाच्या मुळीनं बांधलेली. मग देव्हाऱ्यातून हळदीकुंकवानं माखलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. माझी निळी शाई त्यावर अजून दिसत होती.

"भाऊ, जाता जाता हे वाचून दाखवा. इतके महिने पूजून राह्यलो, पण काय लिवलं हाय ते कोणाले ठाऊक?"

इतक्या महिन्यांत हे त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मीही नाही. मी मोठ्यानं वाचलं, "यशोदाबाई. वरची बांधी. हलकी लुचई."

त्या पुढचं ऐकायला थांबल्या.

"आनखी?"

"एवढंच आहे."

"एवढंच?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "हे तं मले मालूमच होतं, भाऊ."

आणि त्यांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली, कपाळाला लावली, आणि होती तिथं परत ठेवली.